दोन धारा भेटतात तेव्हा

पावसाळा सुरू झाला की नाशिककरांची नजर दोन गोष्टींकडे लागते. एक म्हणजे गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आणि दुसरी म्हणजे वर्तमानपत्रातली ‘विसर्गा’ची चौकट. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, अशा भाषेत या गावात पूर मोजला जातो. नारोशंकराच्या मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी पोहोचल्याच्या गोष्टी आजी-आजोबा नातवंडांना सांगतात. १९६९चा पूर पाहिलेली माणसे तो अजून विसरलेली नाहीत. २००८, २०१६ आणि २०१९च्या पुरांच्या आठवणी तर ताज्याच आहेत.

चौकटीतली भाषा मात्र वेगळी असते. गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक, दारणातून इतके आणि खाली नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून इतके. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हटले की सेकंदाला सुमारे २८३ टन पाणी पुढे सरकते आहे असे समजावे. वरच्या नद्यांचे आकडे घेतले, वाटेतल्या ओढ्या-नाल्यांचे पाणी त्यांत मिळवले आणि प्रवासाला लागणारा वेळ ध्यानात घेतला, की खालच्या बंधाऱ्यावरचा आकडा बऱ्यापैकी जुळतो. पाणी मध्येच नाहीसे होत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे. वस्तुमानाचा हा हिशेब शाळकरी मुलालाही जमतो.

आता जरा पुढचा प्रश्न विचारून पाहा. एक नदी सेकंदाला तीन मीटर वेगाने येते आहे, दुसरी एक मीटर वेगाने. संगमानंतर वेग किती? चार तर नक्कीच नाही. मग दोन? की आणखी काही? आणि दोघींच्या अंगात जो जोर होता, तो सगळा पुढच्या प्रवाहात उतरतो का? या प्रश्नाने शिकलेल्या माणसांनाही चकवले आहे. धरणाखालची भिंत किती उंच बांधायची, पुलाचा पाया किती खोल न्यायचा, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

हिशेबाच्या दोन वह्या

पदार्थविज्ञानाने आपल्याला दोन मोठे नियम दिले आहेत. पहिला संवेग अक्षय्यतेचा. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. त्याला दिशा असते; पूर्वेकडे जाणारा संवेग आणि पश्चिमेकडे जाणारा संवेग एकमेकांना छेद देतात. दुसरा नियम ऊर्जेच्या अक्षय्यतेचा. गतीच्या ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो आणि तिला दिशा नसते. वेग दुप्पट झाला तर संवेग दुप्पट होतो, पण ऊर्जा चौपट होते. सगळी गंमत आणि सगळा घोटाळा या वर्गात आहे.

वर घेतलेले उदाहरण पुढे नेऊ. दोन प्रवाह एकाच दिशेने चालले आहेत आणि दोघांतून सेकंदाला एक-एक टन पाणी येते. एकाचा वेग तीन मीटर, दुसऱ्याचा एक. दोघे पूर्णपणे मिसळले आणि आजूबाजूचा दाब सगळीकडे सारखा राहिला, असे धरू. संवेगाच्या वहीत जमा झाले तीन अधिक एक, म्हणजे चार. पाणी झाले दोन टन. तेव्हा नवा वेग सेकंदाला दोन मीटर. उत्तर कसे अगदी मनासारखे आले!

आता दुसरी वही उघडा. पहिल्या प्रवाहाबरोबर सेकंदाला ४,५०० ज्यूल गतिज ऊर्जा येत होती, दुसऱ्याबरोबर ५००, एकूण ५,०००. मिसळल्यावर दोन टन पाणी दोन मीटरने निघाले, त्याची ऊर्जा भरते ४,०००. एक हजार ज्यूल गेले कुठे? चोरी कोणी केली?

चोरी कोणी केली नाही. वेगवान पाणी संथ पाण्याला घासत गेले, त्यातून भोवरे उठले, मोठ्या भोवऱ्यांतून लहान आणि लहानांतून आणखी लहान भोवरे झाले आणि शेवटी ती सारी धावपळ पाण्याच्या रेणूंच्या वळवळीत, म्हणजे उष्णतेत, जिरून गेली. ऊर्जा अक्षय्यच आहे, पण ती अशा खात्यात गेली की जिथून पाणी पुढे ढकलण्यासाठी ती परत काढता येत नाही. संवेगाला असे चोरखाते नाही. बाहेरून कोणी ढकलले वा अडवले नाही, तर आत कितीही खळबळ माजो, संवेगाची बेरीज तेवढीच राहते. फ्रान्समधल्या झां-शार्ल द बोर्दा या गणितज्ञाने १७६६ मध्येच दाखवले होते, की प्रवाह अचानक मंदावतो तेव्हा हरवणारी ऊर्जा दोन वेगांतल्या फरकाच्या वर्गावर अवलंबून असते. फरक जितका मोठा, तितका दंड मोठा. आणि दोन वेग सारखेच असतील तर दंड शून्य.

स्वयंपाकघरातला आणि विहिरीवरचा संगम

हे सारे नदीकाठीच घडते असे नाही. गॅसच्या शेगडीत बारीक भोकातून गॅसची धार वेगाने सुटते आणि शेजारच्या संथ हवेला आपल्याबरोबर ओढत बर्नरकडे नेते. गॅस आपला संवेग हवेशी वाटून घेतो, म्हणूनच ज्योत निळी जळते. तिथे पंखा नाही, मोटार नाही. दोन धारांची भेट तेवढी आहे.

विहिरीवरचा वा बोअरवरचा जेट पंप हेच काम पाण्याकडून करून घेतो. वर आलेल्या पाण्यातले काही पाणी पुन्हा खाली पाठवून ते बारीक तोंडातून जोरात सोडायचे. ते विहिरीतल्या संथ पाण्यात मिसळते आणि दोन्ही मिळून वर येतात. खाली पाण्यात एकही हलता भाग नाही, त्यामुळे बिघाड कमी. पण हा पंप वीज जास्त खातो, अशी तक्रार शेतकरी करतात आणि ती खरी आहे. अशा धारेच्या यंत्राची कार्यक्षमता साधारण ३० ते ३५ टक्क्यांच्या आसपास अडकते. कारागिराने कितीही नीट बनवला तरी मिसळण्याचा दंड भरावाच लागतो, कारण तो कोणा माणसाने नव्हे, संवेगाच्या नियमाने बसवलेला आहे.

समोरासमोरची टक्कर

मग धारा भेटल्या की ऊर्जा हरवतेच का? इथे एक सुंदर अपवाद आहे आणि तो मुलांना अंगणात करून दाखवता येईल. सारख्या जाडीच्या दोन नळ्या घ्या, दोघींतून सारख्या वेगाची गुळगुळीत धार सोडा आणि त्या बरोबर समोरासमोर धरा. धारा एकमेकींवर आदळतात आणि मधोमध पाण्याची पातळ, गोल थाळी उभी राहते. फेलिक्स सावार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३३ मध्ये नेमका याच टकरीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

हिशेब पाहा. एक संवेग उजवीकडे, एक डावीकडे, बेरीज शून्य. मघाचा नियम आंधळेपणाने लावला तर पाणी जागच्या जागी थांबायला हवे आणि सगळी ऊर्जा नाहीशी व्हायला हवी. पण तसे होत नाही. पाणी चहूबाजूंनी फाकते. वर जाणाऱ्याला खाली जाणारे छेद देते, पुढच्याला मागचे; संवेगाची बेरीज शून्यच राहते. आणि थाळीतल्या पाण्याचा वेग? तो जवळजवळ मूळ धारेइतकाच! मोकळ्या हवेत सगळीकडे दाब सारखा असतो आणि पाणी घुसळले गेले नाही, तर दान्येल बर्नुलीने १७३८च्या ग्रंथात मांडलेल्या तत्त्वाप्रमाणे वेग बदलायला कारणच उरत नाही. टकरीच्या मध्यबिंदूवर पाणी क्षणभर थबकते, वेगाचे दाबात रूपांतर होते आणि तोच दाब त्याला पुन्हा त्याच वेगाने बाजूला फेकतो.

एक नळी दुप्पट क्षेत्रफळाची घेतली, वेग मात्र दोघींचा सारखा ठेवला, तर थाळीची छत्री होते. जाड धारेचे वर्चस्व राहते आणि पाणी तिच्या दिशेला झुकून फाकते. किती झुकते, हेही दोन नियम मिळून सांगतात. ऊर्जा सांगते की वेग तोच राहील. संवेग सांगतो की त्या दिशेची सरासरी एक-तृतीयांश हवी. त्यावरून छत्रीचा कोन निघतो सुमारे साडेसत्तर अंश. एका नियमाने उत्तर अर्धेच मिळाले असते.

याच युक्तीने चंद्राकडे जाणारे सॅटर्न-५ अग्निबाण उडाले. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या एफ-१ इंजिनांत इंधनाच्या बारीक धारा एकमेकींवर तिरप्या आदळवून त्यांचे पातळ पंखे आणि मग बारीक तुषार करत असत.

तेव्हा मुद्दा असा. धारा मोकळ्या हवेत, न घुसळता आदळल्या तर दोन्ही वह्या जुळतात. पाणी पाण्याच्या पोटात शिरले, भोवरे उठले, की ऊर्जेच्या वहीत तूट येते. संवेगाची वही दोन्ही वेळा खरी असते, मात्र एका अटीवर: भिंतींचे, तळाचे आणि पाण्याच्या दाबाचे धक्के त्यात इमानाने मांडले पाहिजेत.

बेलांजेची दुरुस्ती

ही अट किती महत्त्वाची आहे, हे धरणाच्या पायथ्याशी कळते. सांडव्यावरून कोसळलेले पाणी खाली पातळ थरात प्रचंड वेगाने धावते. पुढे संथ, खोल पाणी असते. या दोघांची गाठ पडते तिथे पाणी एकदम उसळते, पांढरेशुभ्र फेसाळते आणि पलीकडे खोल व शांत होऊन निघते. अभियंते याला ‘हायड्रॉलिक जंप’ म्हणतात. वेगवान प्रवाहाने संथ प्रवाहावर घेतलेली ही धडकच होय.

उसळीनंतर पाणी किती उंच होईल? फ्रेंच अभियंता झां-बाप्तिस्त बेलांजे याने १८२८ मध्ये हा प्रश्न ऊर्जेच्या नियमाने सोडवायचा प्रयत्न केला. उत्तर चुकले. पुढे त्यानेच ते सुधारले आणि संवेगाच्या नियमाने मांडलेले सूत्र १८४१ पर्यंत छापून आले. आज जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवले जाते ते हेच सुधारलेले सूत्र.

फरक किती पडतो? समजा, पाणी एक मीटर जाडीच्या थरात सेकंदाला १४ मीटर वेगाने धावते आहे. ऊर्जा जशीच्या तशी राहते असे धरले, तर पुढची खोली जवळजवळ ११ मीटर निघते. संवेगाने मांडले तर ५.८ मीटर. कुठे अकरा आणि कुठे सहा! प्रत्यक्षात नदी दुसऱ्या उत्तराप्रमाणे वागते. वेग १४ वरून २.४ मीटरवर येतो आणि मूळ ऊर्जेपैकी ४४ टक्के त्या फेसात जिरते. दर मीटर रुंदीला ही ऊर्जा सुमारे ६६७ किलोवॅट भरते. मग पाणी उकळत का नाही? कारण पाणीही भरपूर असते. हिशेब केला तर तापमान वाढते अंशाचा जेमतेम शंभरावा भाग. कितीही खोल धबधब्याखाली हात घातला तरी ते समजायचे नाही. पाणी एक अंश तापायला सुमारे ४२७ मीटरवरून पडावे लागते.

अभियंत्याला ही उधळपट्टी हवीच असते. ऊर्जा फेसात जिरली नाही तर ती नदीच्या तळात जिरेल आणि जिरताना तळ उकरून काढेल. खड्डा मागे सरकत धरणाच्या पायापर्यंत आला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून उसळी पक्क्या काँक्रीटच्या कुंडातच घडली पाहिजे. खालचे पाणी ५.८ मीटरपेक्षा फार उथळ असेल तर उसळी वाहून पुढे कच्च्या पात्रात जाते. फार खोल असेल तर धार पाण्याखाली बुडी मारते आणि फेसाळण्याचे काम अर्धवट राहून तळाशी वेगाने पळत सुटते. दोन्हीकडे धोका. कुंडाची फरशी किती खाली घ्यायची, तळावर अडथळ्यांचे ठोकळे किती ठेवायचे, हे सारे या एका आकड्यावर बेतलेले असते.

दिंडोरी रस्त्यावरच्या नद्या

या बाबतीत नाशिकचे स्थान विशेष आहे आणि खुद्द नाशिककरांनाही त्याची फारशी जाणीव नसते. दिंडोरी रस्त्याने जाताना ‘मेरी’चा थांबा लागतो. मेरी म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, स्थापना १९५९. राज्याच्या धरणांचे आराखडे करणारी मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनाही नाशिकचीच. त्याआधी या विद्येचे घर होते पुण्याजवळचे खडकवासला. तिथल्या केंद्राची मुळे १९१६ पर्यंत जातात.

अशा प्रयोगशाळांत धरणांच्या सांडव्यांच्या लहान प्रतिकृती बांधतात आणि त्यांवरून पाणी सोडून पाहतात. लहान करताना सगळेच एका मापाने लहान होत नाही. प्रतिकृती ३६ पट लहान केली, तर वेग फक्त सहा पट कमी ठेवायचा. विसर्ग मात्र ७,७७६ पट कमी. प्रत्यक्षातला सेकंदाला ७,७७६ घनमीटरचा महापूर प्रयोगशाळेत एका घनमीटरमध्ये मावतो. हे माप पाळले तर पाण्याचे वजन आणि त्याचा संवेग यांचे नाते मूळ नदीसारखेच राहते आणि उसळी योग्य जागी उठते. फसगत होते ती हवेच्या बुडबुड्यांची. ते प्रमाणात लहान होत नाहीत, म्हणून मूळ सांडव्यावर दिसणारा दुधाळ फेस प्रतिकृतीत तितका दिसत नाही. तिथे अभियंत्याचा अनुभव कामी येतो. आकडे कागदावर जुळले तरी एकदा पाण्यालाच विचारून घ्यावे, ही या विद्येची शिस्त आहे.

गावाच्या दाराशी

आता पुन्हा नदीवर येऊ. नाशकात नासर्डी आणि वाघाडी गोदावरीला मिळतात, तपोवनात कपिला मिळते. खाली निफाड तालुक्यात दारणासांगवीजवळ दारणा येते आणि नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याजवळ कादवा. गोदावरीला पूर नसतो तेव्हा या साऱ्या जणी सुखाने तिच्यात उतरतात. पण मोठी नदी फुगली, की लहान नदीसमोर खोल पाण्याची भिंत उभी राहते. पाण्याचा रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो. खोली दुप्पट, तर रेटा चौपट. ओढ्याचा संवेग त्यापुढे तोकडा पडतो. मग ओढा मंदावतो, आपली पातळी वाढवत वाढवत मागे फुगतो आणि नदीपासून दूर असलेल्या वस्तीत पाणी शिरते. लोक म्हणतात, “नदी इतकी लांब, मग पाणी आले कुठून?” ते नदीतून आलेले नसते, नदीत जाता न आल्याने थांबलेले असते. चांदोरी-सायखेड्याच्या लोकांना हा फुगवटा दर मोठ्या पुरात भोगावा लागतो.

म्हणूनच पूररेषा ठरवताना केवळ क्युसेकची बेरीज पुरत नाही. दोन नद्यांचे लोंढे एकाच वेळी संगमावर पोहोचतात की मागेपुढे, यालाही तितकेच महत्त्व असते. एका धरणाचे पाणी काही तास आधी वा नंतर सोडले तरी खालच्या गावाची पातळी बदलू शकते. ओढ्याच्या मुखाशी भराव टाकून पात्र अरुंद केले, तर आपण नेमकी तीच जागा चोंदतो जिथे ओढ्याला सगळ्यात जास्त मोकळीक हवी असते.

आणखी एक गोष्ट घरातल्या मुलांना आवर्जून सांगावी. संगमावर दोन रंगांचे पाणी शेजारी शेजारी वाहताना दिसते. एक गढूळ, एक निवळ. मधल्या रेषेवर दोन वेगांचे भांडण चाललेले असते आणि त्यातूनच भोवरे उठतात. दोन्ही प्रवाह एकत्र येऊन तळ उकरतात, म्हणून संगमाशी बहुधा डोह असतो. काठावर गुडघाभर असलेले पाणी चार पावलांवर पुरुषभर होते. वरून मात्र ते इतके शांत दिसते की सहज पाऊल टाकावेसे वाटते. आपल्याकडे संगमाला तीर्थ मानले आणि स्नानासाठी घाट बांधले. बांधलेल्या पायरीवर उभे राहून, साखळी धरून बुडी घ्यावी, हा रिवाज श्रद्धेइतकाच शहाणपणाचाही आहे.

नांदूरमध्यमेश्वरला आज गोदावरी आणि कादवा यांचे पाणी बंधाऱ्यामागे पसरून थांबते. इथे वेगच नाही, म्हणून संवेग नाही आणि भांडणही नाही. वरून आणलेला गाळ नद्या इथे खाली ठेवतात. त्या गाळावर गवत आणि पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून या पाणथळीची नोंद जाहीर झाली. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी इथे उतरतात, नाशिकची मंडळी मुलाबाळांसह दुर्बिणी घेऊन त्यांना पाहायला येतात. आणि पावसाळा आला, की याच बंधाऱ्यावर विसर्ग मोजणारा माणूस वही उघडून नवा आकडा लिहितो. त्या आकड्यावर पुढे पैठणपर्यंतच्या गावांचे डोळे लागलेले असतात.